काळी चारचा माउथ ऑर्गन

माझ्याकडे पाच माउथ ऑर्गन आहेत आणि घरात मी त्यांतला एकच वाजवतो. तीन ऑफिसच्या खणात कुलपात असतात. पाचवा घरात आहे, पण तो गाणी वाजवण्यासाठी नाही. लोकांना वाटतं, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हा माणूस घरात बेताने वाजवतो. शेजाऱ्यांचा विचार मी जन्मात केलेला नाही. आमच्या मजल्यावर सकाळी साडेसहाला चार घरांतले मिक्सर एकदम सुरू होतात, तेव्हा माझा कोण विचार करतं?

भोईवाड्यात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, चाळीत आमची दोन खोल्यांची जागा आहे. बाहेरच्या खोलीवर पोटमाळा आणि तिथे चढायला लाकडी शिडी. घरात माणसं दोन, बाबा आणि मी. बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, वय पंच्याहत्तर. मी लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत बसून लोकांचे विम्याचे अर्ज तपासतो. लग्न केलं नाही. का, हे विचारायचा हक्क फक्त आईला होता आणि तिने तो भरपूर वापरला. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आई गाणं शिकवायची. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत चार-पाच मुली, मध्ये पेटी आणि आईच्या मांडीवर तानपुरा. तिची पट्टी काळी चार. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीवर कुठे येतो ती जागा. पांढऱ्या पट्ट्या वेगळ्या मोजायच्या, काळ्या वेगळ्या. मला पेटीसमोर बसवण्यासाठी तिने काय काय केलं ते आठवलं की आजही लाज वाटते. खाऊ दिला, रागावली, एकदा चक्क रडली. मी बसलो नाही. बाबांनी बसायची तयारी दाखवली असती, पण त्यांचं आणि सुराचं उभ्या जन्माचं वैर. आरतीच्या वेळी आई त्यांना कोपर मारून म्हणायची, "अहो, तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा." ते निमूट टाळ्या वाजवायचे, त्याही पुढेमागे.

ती गेल्यावर पेटी तिच्या एका विद्यार्थिनीला दिली. तानपुरा गवसणीत घालून पोटमाळ्यावर ठेवला. त्याची पंचमाची तार आईच्या शेवटच्या आजारपणात आपोआप तुटली होती; उरलेल्या तिन्ही तारा षड्जाच्या, म्हणजे तिच्या सा च्या. वाजवायचा नसेल तर तारा सैल करून ठेवतात, नाहीतर दांडी वाकते. मी बाबांना म्हटलं, "तारा उतरवून ठेवा." ते म्हणाले, "ठेवल्या." मी वर चढून पाहिलं नाही. बाबा आई गेल्यावर रडले नव्हते, हा राग माझ्या मनात होता. त्या रागात मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होतो.

मग मला न्यूमोनिया झाला. बरा झाल्यावर डॉक्टरांनी फुप्फुसांसाठी तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं खेळणं दिलं. नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर जातात का ते बघायचं. माझी तिसरी गोळी जागची हलेना. ऑफिसमधल्या एकाने सुचवलं की माउथ ऑर्गन घे, त्यात फुंकावंही लागतं आणि ओढावंही लागतं. मला पटलं. बाजा वाजवायचा आहे असं नव्हतंच, व्यायाम करायचा होता.

गिरगावात, मुख्य रस्त्यापासून आत, पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं अरुंद दुकान आहे. मी माउथ ऑर्गन मागितला. त्यांनी विचारलं, "पट्टी कुठली?"

"कुठलीही द्या."

"चपला घ्यायला गेलात तर नंबर कुठलाही चालेल म्हणता का?"

मग त्यांनी माझी शाळा घेतली. दहा भोकांचा हा बाजा एकाच पट्टीचा असतो. पेटीसारखा सगळ्या स्वरांचा नसतो, त्यामुळे पट्टी बदलली की बाजाच बदलावा लागतो. वर इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं; सी म्हणजे आपली पांढरी एक, जी म्हणजे पांढरी पाच. साधी, सरळ गाणी असतील तर गाण्याची पट्टी तीच बाजाची पट्टी, आणि बहुतेक काम फुंकण्याचं. पण ते साहेबांचं रडकं संगीत, ब्लूज, वाजवायचं तर उलटा कारभार. गाणं पांढरी पाचमध्ये असलं तर हातात पांढरी एकचा बाजा घ्यायचा आणि ओढून वाजवायचं, कारण ओढताना स्वर वाकवता येतो.

"सुख फुंकायचं, दुःख ओढायचं," ते म्हणाले. "तुम्हाला काय वाजवायचंय?"

"मला फुप्फुसं ठीक करायची आहेत."

"मग पांढरी एक घ्या. शिकाऊ लोकांना तीच देतो."

ऑफिसातून आल्यावर, दिवेलागणीला, मी पोटमाळ्याखालच्या खाटेवर बसून फुंकू लागलो. बाबा समोर खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पहिला सा लांब धरला, दम संपल्यावर बाजा तोंडापासून दूर केला, आणि आवाज थांबला नाही.

फार बारीक होता तो. माझ्याच स्वरासारखा, पण किंचित उतरलेला. दोन-तीन श्वास तो खोलीत राहिला आणि गेला. मला वाटलं, कान भरलेत. पुन्हा सा लावला, पुन्हा तसंच. रे लावला, काही नाही. ग, म, प, एकावरही काही नाही. सा वर मात्र कुणीतरी तोंड मिटून माझ्यामागून हूं म्हणत होतं.

"बाबा, काही ऐकू येतंय?"

वर्तमानपत्र हललं नाही. "तुझं पीं पीं येतंय," बाबा म्हणाले.

मी फ्रिज बंद करून पाहिला. ट्यूबलाइट घालवली. समोरच्या टॉवरच्या कामावरची यंत्रं बंद व्हायची वाट पाहिली. आवाज होताच. आणि तो फक्त माझ्यानंतर यायचा, आधी कधी नाही. मी गप्प बसलो की खोलीही गप्प बसायची, आणि तिचं ते गप्प बसणं ऐकत असल्यासारखं वाटायचं. मला भीती वाटली. चाळिशी उलटलेल्या, अर्जातल्या खोट्या सह्या पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात बसून भीती वाटली हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही.

मी पळून गेलो नाही, उलट गिरगाव गाठलं. दुकानदाराला म्हटलं, आणखी एक द्या. त्यांनी पांढरी पाच दिली, म्हणाले, "हिचा आवाज सगळ्यात खालचा, संथ गाण्यांना चांगली." ती घरी नेली. त्या बाजात खोलीने सा ला दाद दिली नाही, प ला दिली नाही, मध्यमाला मात्र दिली. मी कागदावर मांडलं तर तो पांढरी एकचाच स्वर निघाला. म्हणजे खोलीला एक ठरावीक स्वर कळत होता, बाजा कुठलाही असो. मग मी पांढरी दोन घेतली. "वरातीची पट्टी," दुकानदार हसत म्हणाले, "तडफदार. नाचाच्या चालींना." त्या बाजात खोली ठार मुकी. एकाही स्वराला हूं नाही. त्या संध्याकाळी मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला चुकल्यासारखं झालं, कुणी ओळख न दाखवता शेजारून निघून जावं तसं. मी तो बाजा खाटेखालच्या डब्यात टाकून दिला.

इथे मी चुकलो, हे आता कळतं. भ्यायलेला माणूस आवाज बंद करायचा मार्ग शोधतो. मी आवाज मोठा करणारा बाजा शोधत होतो.

त्याच दिवसांत दुसरी एक कटकट चालू होती. बाबांच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. चढउतार बंद करा आणि तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन करून घ्या, नाहीतर कधीही काहीही होईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. बाबा आधी तयार होते. रक्ताच्या तपासण्या झाल्या, तारीख जवळजवळ ठरली. मग ते टाळाटाळ करू लागले. आधी म्हणाले, सणवार होऊ देत. मग म्हणाले, बघू. मी आवाज चढवला की ते मला समजावल्यासारखे हसायचे. मला त्या हसण्याचा संताप यायचा. त्यांच्या बघूचा आणि माझ्या बाजाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

चौथा बाजा पांढरी सहाचा. त्याचा नी, म्हणजे वरच्या सा च्या अगदी खालचा स्वर, मी लावला मात्र, आणि पोटमाळ्याच्या फळ्या बोलल्या. आता शंका नव्हती, आवाज वरून येत होता. भरदार, घुमणारा, ओळखीचा. मी बोटांवर मोजलं. पांढरी सहाच्या लगतची काळी. काळी चार.

आईची पट्टी.

शाळेत शिकलो होतो ते आठवलं, की एक तार वाजली की त्याच स्वरातली दुसरी आपोआप थरथरते. वर तानपुरा आहे, तारा बाबांनी पुरत्या उतरवल्या नसणार, झालं. पांढरी एकचं कोडंही सुटलं. तानपुऱ्याच्या सा मध्ये एक गंधार आपसूक ऐकू येतो असं आई मुलींना सांगायची, आणि काळी चारचा गंधार पांढरी एकवर येतो. सगळं शास्त्रशुद्ध. तरीही शिडी चढून गवसणी उघडायचं धाडस मला झालं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी मी गिरगावात जाऊन काळी चारचा बाजा मागितला.

"तो कुणी नेत नाही, म्हणून ठेवत नाही," दुकानदार म्हणाले. "मागवावा लागेल. कशाला हवाय?"

"घरच्या गाण्यांसाठी," मी म्हणालो.

तो यायला तीन आठवडे लागले. तोवर मला आईचा एक अभंग जमवता आला होता, ती वर्ग संपताना मुलींकडून म्हणून घ्यायची तो. बाजा आला त्या संध्याकाळी मी तो सुरू केला. पहिल्याच ओळीला वरचं लाकूड जागं झालं. पुढे मी थांबेन तिथे आवाज भरत गेला. मी श्वास घ्यायचो आणि त्या फटीत ती असायची. मी 'ती' असं लिहितोय, कारण तेव्हा मनात दुसरा शब्दच आला नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली. दहा वर्षांचा असताना बसलो नव्हतो तो मी, चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या वर्गाला बसलो होतो.

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डॉक्टरांना स्वतः फोन करून सांगितलं, ऑपरेशन करायचं नाही.

मी ओरडलो, ताट सरकवलं, नको ते बोललो. ते म्हणाले, "ठरलंय रे माझं." तसाच तणतणत मी घराबाहेर पडलो. ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि पाय नेतील तिकडे गेलो, तर गिरगावात निघालो. निदान त्या दुकानात कुणी माझं ऐकून घेत होतं. मी दुकानदाराला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, खोलीचं आणि तानपुऱ्याचं.

ते एका पेटीचा भाता चिकटवत होते. हात थांबले. "तार बोलते, त्यात नवल नाही," ते म्हणाले. "पण तानपुरा लावून किती दिवस झाले?"

"दोन वर्षांवर."

"साहेब, मुंबईच्या हवेत लावलेला तानपुरा आठ दिवस सुरात राहत नाही. आणि तुमचा काळी चारला बरोब्बर बोलतोय." त्यांनी भाता खाली ठेवला. "तो कुणीतरी रोज लावतंय."

परतताना मी वाटेत हिशेब मांडत होतो. घरी बाबांशिवाय कुणी नसतं, आणि बाबांना लग्नाच्या सनईतला आणि रेल्वेच्या भोंग्यातला फरक कळत नाही. त्यांना तानपुरा लावता येणं शक्य नव्हतं. मग कोण?

दुपारी दोनचा सुमार होता. चाळ जेवून आडवी झाली होती. आमचं दार नुसतं लोटलेलं. मी ढकलणार तोच आतून बाबांचा आवाज आला, वरून, पोटमाळ्यावरून. बाबा कोकणातले, जीव भरून आला की त्यांची बोली तिकडे वळायची.

"काल तर सगळं गाणं भरून हो म्हटलंस," ते सांगत होते. "आता आणि किती वेळा विचारू गो? पोरगा ओरडला सकाळी. त्याला काय सांगू? आज शेवटचं विचारतो, आणि मग येतो."

मी आत शिरलो आणि शिडीवर उभं राहून वर डोकावलो. बाबा पोटमाळ्यावर छताखाली मान वाकवून बसले होते. गवसणी उघडी, तानपुरा मांडीवर आडवा, आणि शेजारी फोन. मी त्यांना घेऊन दिलेला फोन. पडद्यावर सूर मोजणारं ॲप, त्यात एक काटा. ते खुंटी पिळायचे, तार छेडायचे, काटा तांबड्यातून हिरव्यात आला की थांबायचे. पेटी देऊन टाकायच्या आधी, आईने मुलींसाठी तिच्या सा च्या पट्टीवर चिकटवलेलं इंग्रजी अक्षर त्यांनी डायरीत उतरवून घेतलं होतं. ज्या माणसाला शिडी चढायला मनाई होती तो रोज दुपारी वर चढून, कानाने न कळणारा आईचा सूर डोळ्यांनी लावत होता.

त्यांना धरून खाली आणलं. धाप ओसरल्यावर त्यांनीच सांगितलं. दोन वर्षं ते रोज दुपारी सूर लावत आणि संध्याकाळी खुर्चीत बसून मनातल्या मनात एकच विचारत, येऊ काय गो? दोन वर्षं ती काही बोलली नाही. मग मी तो बाजा आणला. पहिल्यांदा अगदी हळू बोलली. मग जरा मोठ्याने. आणि काल सगळं बोलली.

एकेक बाजा पारखून, निवडून, मागवून मी काय करत होतो ते आता दिसत होतं. बाबा विचारत होते, मरू का. आणि मी हो म्हणत होतो, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने.

"बाबा, ते मी आहे," मी म्हणालो. "माझ्या बाजाने तार थरथरते. तिथे कुणी नाही."

"तार थरथरते ते मला कळतं. सायन्स मलाही होतं." ते माझ्याकडे त्याच समजावणाऱ्या नजरेने पाहू लागले. "पण तू सांग. ती एवढी मागे लागली, तेव्हा कधी वाद्याला हात लावलास? ती गेल्यावर लावलास. आणि पाच-पाच बाजे आणून शोधत शोधत तिच्याच पट्टीवर आलास. तुला कुणी आणलं रे तिथे?"

मी त्यांना पाणी आणून दिलं.

संध्याकाळपर्यंत मी एकच विचार करत होतो. तारा कापल्या असत्या तर त्यांनी मला माफ केलं नसतं, आणि तिचं आधीचं हो तसंच राहिलं असतं. तिच्याकडून नाही वदवायला हवं होतं. दिवे लागल्यावर मी खाटेवर बसलो आणि म्हणालो, "बाबा, मी वाजवतो. तुम्ही आज मोठ्याने विचारा. मलाही ऐकू दे ती काय म्हणते."

"तोच बाजा ना, कालचा?"

"तोच," मी म्हणालो. माझ्या हातात पांढरी दोन होती.

ही थाप दुसऱ्या कुणाला पचली नसती. आईला पहिल्या फुंकरीत कळली असती. बाबांना मात्र काळी चार आणि पांढरी दोन सारखीच. ते वर बघून म्हणाले, "येऊ काय गो?" मी आईचा अभंग वरातीच्या पट्टीत वाजवला. प्रत्येक ओळीनंतर थांबलो. वरून काही आलं नाही. बाबांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज फाटला. मी वाजवत राहिलो, आणि आपण आईच्या तोंडावर हात दाबून धरलाय असं मला सारखं वाटत राहिलं.

खोली मुकीच राहिली. बाबांनी चष्मा काढला आणि रडले. दोन वर्षांनी, लहान मुलासारखे, नाक पुसत. "नको म्हणते," ते म्हणाले. "रागावली वाटतं माझ्यावर."

"रागावली नाही. थांबा म्हणतेय."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला.

ऑपरेशन झालं. झडप बसली. बाबा घरी आले, बारीक झाले होते, पण जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत न थांबता चढले. शिडी मी कुलूप लावून बाल्कनीत बांधून टाकली. त्यांनी विरोध केला नाही. तानपुऱ्याचं नावही काढलं नाही. संध्याकाळी मात्र म्हणायचे, "वाजव रे, तिच्या पट्टीतलं," आणि मी पांढरी दोन काढायचो. बाकीचे तीन मी ऑफिसात नेऊन ठेवले होते, काळी चार माझ्या कपाटात कपड्यांखाली. फसवणूक अंगवळणी पडली. महिना गेला, दीड महिना गेला.

मग एका रविवारी, नेहमीसारखाच, मी अभंगाची पहिली ओळ वाजवून श्वास घ्यायला थांबलो. आणि त्या फटीत आवाज आला.

वरून. भरदार. पांढरी दोनच्या मध्यमावर. या बाजात जिथे कधी काही नव्हतं तिथे.

मी बाजा खाली ठेवला. आवाज लांबत गेला आणि विरला. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं होतं.

"ऐकलंस?" ते हळूच म्हणाले. "आणि मी तर आज काही विचारलंच नव्हतं."

मी म्हणालो, मला काही ऐकू आलं नाही. पंखा पाचवर केला, टीव्ही लावला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, दुपारी बाबा आतल्या खोलीत झोपल्यावर, शिडी सोडली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा वर चढलो. गवसणी काढून एकेक तार छेडली. दीड महिना कुणी हात न लावल्याने तारा उतरल्या होत्या, हे साहजिक आहे. अर्धा स्वर उतरून पांढरी पाचवर आल्या होत्या, आणि तो स्वर पांढरी दोनच्या बाजात आहे, हेही साहजिक. पण दोन तारा पोलादाच्या, तिसरी जाड, पितळेची. त्या कधी सारख्या उतरत नाहीत. या तिन्ही एकाच स्वरावर येऊन थांबल्या होत्या, केसाचाही फरक नाही. काळी चारवर मी जात नाही म्हटल्यावर ती माझ्यापाशी आली होती. थाप बाबांना कळली नव्हती. तिला कळली होती.

तारा पार सैल करून टाकाव्यात म्हणून मी खुंटीला हात घातला. हात वळेना. मला तिची भीती वाटत होती आणि मला ती हवी होती, दोन्ही एकदम, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग मी खाली उतरून कपड्यांखालचा बाजा आणला, काळी चारचा सा फुंकला, आणि खुंट्या पिळत तिन्ही तारा चढवून पुन्हा त्याच्याशी जुळवल्या. ॲपशिवाय जुळवल्या. तिचा कान माझ्यात उतरलाय हे मला असं, त्या अंधाऱ्या फळ्यांवर कळलं.

तेव्हापासून दर गुरुवारी आणि रविवारी, बाबा खाली देवळात गेले की मी वर चढतो आणि तानपुरा काळी चारला लावून ठेवतो. पाचवा बाजा त्यासाठी आहे. मग खाली येऊन पांढरी दोन काढतो. बाबा देवळातून येतात, खुर्चीत बसतात, वर्तमानपत्र उघडतात. मी वाजवतो, ओळ संपली की थांबतो, ऐकतो. वरून हूं आलं नाही म्हणजे ती जागेवर आहे, एवढंच मला कळायला हवं असतं. काल बाबांनी पान उलटताना विचारलं, "हल्ली गप्प गप्प असते, नाही?" मी म्हणालो, "हो." आणि पुढची ओळ घेतली.